वार्ताहरांची मोटार कोठे होती?

वृत्तपत्रातील बातमी हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न या अंकाच्या काही वाचकांच्या मनात येईल. कविता, कादंबरी, नाटक यांची परीक्षणे वाचण्याची आपल्याला सवय आहे. पण सकाळच्या चहाबरोबर वाचलेल्या आणि महिनाअखेर रद्दीत गेलेल्या मजकुराचे परीक्षण कोणी कशासाठी करावे? तथापि थोडा विचार केला तर असे दिसेल की, गाव सोडून परप्रांती नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांच्या वाचनाचा फार मोठा भाग वृत्तपत्रीय गद्याने व्यापलेला असतो. कादंबरी सवडीने वाचली जाते, बातमी रोज वाचली जाते. ज्या गावी आपण राहत नाही त्या गावाविषयीची आपली समजूत तर बव्हंशी बातमीनेच घडविलेली असते. ज्या गद्याचा मनावर एवढा अंमल चालतो, ते समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवणे मला सयुक्तिक वाटत नाही.

बातमीतील पक्षपाताचा विषय निघाला की आपण बहुधा राजकारणाकडे वळतो. पण तेथे परीक्षा तितकीशी अवघड नसते. कोणते पत्र कोणत्या बाजूचे, हे वाचकाला ठाऊक असते आणि तो आपल्या परीने वजावट करून वाचतो. पक्षपाताचे मूळ पाहावयाचे तर असा प्रसंग निवडावा की ज्यात पक्ष नाही, मतदान नाही, आणि ज्याचा निकाल घड्याळ देते. मोठ्या शहरातील मॅरेथॉन शर्यत हा तसा प्रसंग आहे. ४२.१९५ किलोमीटरांचा मोजलेला रस्ता, ठरलेली आरंभाची वेळ, आणि सेकंदापर्यंत नोंदलेला शेवट. यात मतभेदाला जागा कोठे आहे? अशा घटनेची बातमी सर्व पत्रांत सारखीच यावयास हवी. ती तशी येत नाही. का येत नाही, याचा शोध घेण्यासाठी मी अमेरिकेतील बोस्टन शहराची शर्यत निवडली आहे. १८९७ पासून चालत आलेली ही जगातील सर्वांत जुनी वार्षिक मॅरेथॉन होय, आणि तिच्या बातम्यांचा इतिहास तिच्या विजेत्यांच्या इतिहासाइतकाच बोधप्रद आहे.

प्रथम १९६६ सालाकडे वळू. त्या वर्षी रॉबर्टा गिब या तरुणीने शर्यतीत भाग घेण्यासाठी अर्ज केला. स्त्रिया शरीरप्रकृतीने एवढे अंतर धावण्यास असमर्थ असतात, अशा आशयाचे नकाराचे पत्र तिला आले. तरीही ती कॅलिफोर्नियाहून बसने, मजल दरमजल करीत, बोस्टनला पोहोचली. १९ एप्रिल रोजी हॉपकिंटन गावी, जेथून शर्यत सुटते, तेथील झुडपांत ती लपून राहिली. अंगात भावाची अर्धी विजार आणि डोक्यावर ओढलेला अंगरख्याचा टोप. शर्यत सुटल्यावर ती पुरुषांच्या घोळक्यात मिसळली आणि ३ तास २१ मिनिटे ४० सेकंदांत तिने अंतर पुरे केले. धावणाऱ्या पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांश तिच्या मागे होते.

दुसऱ्या दिवशी बोस्टनच्या एका पत्राने पहिल्या पानावर जो मथळा दिला, तो मराठीत सांगावयाचा तर असा होईल: ‘मॅरेथॉन धावणारी पहिली पोरगी, आपल्या शहराची नववधू’. या मथळ्यात खोटे असे फारसे नाही. तिचे लग्न नुकतेच झाले होते, हे खरे. पण मथळ्यातील शब्दांची निवड पाहा. धावणाऱ्या व्यक्तीची पहिली ओळख ती कोणाची तरी वधू आहे, ही. दुसरी ओळख ती ‘पोरगी’ आहे, ही. तिने घेतलेला वेळ आणि मागे टाकलेले पुरुष यांना मथळ्यात स्थान नाही. त्याच दिवशी पुरुषांत पहिल्या आलेल्या जपानी धावपटूच्या वैवाहिक स्थितीची चौकशी कोणी मथळ्यात केली नसेल, हे सांगावयास साक्षीदार नको. शिवाय ‘पहिली’ हा शब्दही तपासून घेण्याजोगा आहे. बोस्टनपुरता तो खरा. पण इंग्लंडच्या व्हायोलेट पियर्सीच्या नावे १९२६ सालच्या मॅरेथॉनची वेळ नोंदलेली आहे. वृत्तपत्राला आपल्या शहरापलीकडचे जग बहुधा दिसत नाही, आणि ‘पहिला’ हा शब्द त्याला फार प्रिय असतो.

असो. ही झाली शब्दांची गोष्ट. पुढल्या वर्षीची गोष्ट चित्राची आहे आणि ती अधिक गुंतागुंतीची आहे.

१९ एप्रिल १९६७. हवा बोचरी, हिमवर्षावाची. कॅथरिन स्विट्झर ही वीस वर्षांची विद्यार्थिनी त्या दिवशी धावत होती. अर्जावर तिने केवळ आद्याक्षरांची सही केली होती, त्यामुळे अर्जदार स्त्री आहे हे कोणाच्या लक्षात आले नाही आणि तिला २६१ हा क्रमांक रीतसर मिळाला. शर्यत सुरू होऊन काही मैल होतात न होतात तोच वार्ताहर आणि अधिकारी यांना घेऊन जाणाऱ्या गाड्या तिच्या जवळ आल्या. छायाचित्रकारांनी एक स्त्री धावताना पाहिली आणि कॅमेरे तिच्याकडे वळविले. जॉक सेंपल हा शर्यतीचा अधिकारी संतापला, गाडीतून उतरून तिच्यामागे धावला आणि तिच्या अंगावरील क्रमांक हिसकावून घेण्याचा त्याने प्रयत्न केला. बरोबर धावणाऱ्या तिच्या मित्राने धक्का देऊन त्याला बाजूस सारले. हे सर्व काही क्षणांत घडले, आणि छायाचित्रकारांच्या डोळ्यांसमोर घडले. ती छायाचित्रे जगभर गेली आणि आजतागायत छापली जात आहेत.

आता वाचकांनी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. त्याच शर्यतीत, त्याच रस्त्यावर, रॉबर्टा गिब पुन्हा एकदा धावत होती. तिने ३ तास २७ मिनिटे १७ सेकंदांत अंतर पुरे केले. स्विट्झरला सुमारे ४ तास २० मिनिटे लागली. म्हणजे छायाचित्रातील स्त्री मुक्कामाला पोहोचली तेव्हा दुसरी स्त्री जवळजवळ तासाभरापूर्वी तेथे पोहोचली होती. तरीही ‘बोस्टनची मॅरेथॉन धावणारी पहिली स्त्री कोण?’ असे विचारले असता पुष्कळ सुशिक्षित माणसे आजही स्विट्झरचे नाव सांगतात. ती अधिकृत क्रमांक घेऊन धावलेली पहिली स्त्री, हे खरे. पण हा भेद तपशिलात राहतो आणि तपशील चित्रात येत नाही. त्या वर्षी शर्यत जिंकली ती न्यूझीलंडच्या डेव्ह मॅकेन्झीने, २ तास १५ मिनिटे ४५ सेकंदांत. त्याचे नाव तर कोणाला सांगताच येणार नाही.

ही चूक कोणाची? कोणत्याही वार्ताहराने खोटे लिहिले नाही. छायाचित्र तर अक्षरशः खरे होते. पक्षपात झाला तो असा की, वार्ताहरांची मोटार रस्त्याच्या एका विवक्षित ठिकाणी होती आणि दुसऱ्या ठिकाणी नव्हती.

आपल्या वाचकांपैकी ज्यांनी जिल्ह्यात काम केले आहे त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको. दौऱ्यावर निघालेल्या साहेबाची जीप पक्क्या सडकेने जाते. सडकेच्या कडेच्या गावांतील विहिरी, शाळा, दवाखाने त्यांच्या टिपणात येतात. त्या टिपणातील एकही वाक्य असत्य नसते. पण नदीपलीकडची, पावसाळ्यात तुटणारी गावे त्या टिपणात नसतात. आणि ते टिपण वरच्या कचेरीत पोहोचले की तोच जिल्हा होऊन बसतो. पुढे त्या टिपणावर शेरे पडतात, मंजुऱ्या निघतात, आणि काही वर्षांनी नवा अधिकारी आला की तोही जुनी फाइल पाहून त्याच सडकेने निघतो. वृत्तपत्राचे याहून वेगळे नाही. ते जे लिहिते त्याहून ते कोठे उभे होते, यात पक्षपाताचे बीज अधिक असते.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो मी टाळू इच्छित नाही. कोणी म्हणेल, त्या छायाचित्राने जे काम केले ते शंभर तंतोतंत बातम्यांनी झाले नसते. अंगावर धावून जाणारा अधिकारी आणि धावत राहिलेली मुलगी, हे दृश्य ज्यांनी पाहिले त्यांना नियमांतील अन्याय एका क्षणात कळला. १९७२ साली बोस्टनने स्त्रियांना अधिकृत प्रवेश दिला. १९८४ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन प्रथमच समाविष्ट झाली. या वाटचालीत त्या छायाचित्राचा वाटा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. मग एकांगी चित्राने न्यायच साधला असेल, तर तक्रार कशाची?

तक्रार अशी की, न्याय साधताना त्या चित्राने दोन माणसांवर अन्याय केला. एक सेंपल. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, स्वतः धावपटू असलेला हा तापट मनुष्य त्या एका क्षणात कायमचा गोठला. पुढे नियम बदलल्यावर त्याने स्त्रियांचा सहभाग स्वीकारला आणि १९७३ साली आरंभरेषेवर स्विट्झरचे जाहीर स्वागत केले. त्याचेही छायाचित्र आहे; पण खलनायक सुधारला ही बातमी कोणत्याही संपादकाला पहिल्या पानाची वाटत नाही. दुसरी, आणि अधिक महत्त्वाची, व्यक्ती गिब. १९६६, १९६७ आणि १९६८ या तिन्ही वर्षी स्त्रियांत ती पहिली होती. तिचे हे यश शर्यतीच्या चालकांनी अधिकृतपणे मानले ते १९९६ साली, म्हणजे तीस वर्षांनी. २०२१ साली हॉपकिंटन येथे तिचा धावणारा पुतळा उभा राहिला. तो पुतळा घडविणारी शिल्पकार कोण? ती स्वतःच. जिच्याजवळ कॅमेरा वेळेवर पोहोचला नाही, तिला आपली प्रतिमा आपल्याच हातांनी धातूत ओतावी लागली, यावर आणखी भाष्य करण्याची गरज नाही.

ज्या दृष्टीने एकदा चांगले केले तीच दृष्टी दुसऱ्या वेळी काय करते, हे त्याच रस्त्याने २०१३ साली दाखविले. १५ एप्रिल रोजी बोस्टनच्या अंतिम रेषेजवळ दोन बाँबस्फोट झाले. तीन जण मृत्युमुखी पडले, अडीचशेहून अधिक जखमी झाले. या वेळी वार्ताहरांना कोठे जावे लागले नाही. विजेते टिपण्यासाठी कॅमेरे त्या रेषेवर आधीच लावलेले होते. पाहणाऱ्या डोळ्यांची उणीव नव्हती. उणीव होती ती थांबण्याची.

न्यूयॉर्कच्या एका खपाऊ पत्राने त्याच दिवशी बारा मृत्यू झाल्याचे सांगितले, आणि रुग्णालयात उपचार घेणाऱ्या एका सौदी विद्यार्थ्याला संशयित म्हणून उभे केले. तो इतरांसारखाच एक जखमी होता. १७ एप्रिलला एका मोठ्या दूरचित्रवाहिनीने अटक झाल्याचे जाहीर केले. तिच्या वार्ताहराने संशयिताचे वर्णन सावळ्या कातडीचा पुरुष असे केले. अटक झालीच नव्हती. अनधिकृत सूत्रांवर विसंबून चुकीच्या बातम्या दिल्या जात आहेत, त्या थांबवाव्यात, असे पत्रक तपासयंत्रणेला काढावे लागले. त्यानंतरही, १८ एप्रिलला, न्यूयॉर्कच्या त्याच पत्राने मुखपृष्ठभर दोन तरुणांचे छायाचित्र छापले आणि वर ‘पिशवीवाले’ अशा अर्थाचा ठळक मथळा दिला. ते दोघे शर्यत पाहण्यासाठी आलेले प्रेक्षक होते. त्यांचा गुन्ह्याशी काही संबंध नव्हता. आम्ही त्यांना संशयित असे म्हटलेच नव्हते, असा त्या पत्राचा बचाव होता. शब्दशः तो बरोबरही असेल. पण मथळा, त्याचा आकार आणि चित्र यांची मिळून जी भाषा होते ती शब्दांच्या भाषेहून मोठी असते, आणि ती भाषा त्या दोघांना गुन्हेगार म्हणत होती. पुढे त्यांनी खटला भरला आणि २०१४ साली तो तडजोडीने मिटला. त्याच सुमारास, कित्येक दिवस बेपत्ता असलेल्या एका भारतीय वंशाच्या विद्यार्थ्याचे नाव लोकांच्या कुजबुजीतून उठले, काही पत्रकारांनी ते पुढे पसरविले, आणि आधीच मुलाच्या शोधात असलेल्या त्याच्या घरच्यांवर दुसरे संकट कोसळले. तोही सर्वस्वी निर्दोष होता. हे वाचताना, ज्यांची मुले परदेशी शिकत आहेत अशा आपल्या वाचकांना काय वाटेल, ते मी सांगावयास नको.

सौदी, सावळा, भारतीय वंशाचा: तिन्ही चुकांचा कल एकाच बाजूला होता, हा योगायोग नव्हे. सर्व चुका एकाच दिशेला झुकत असतील तर तिला चूक न म्हणता पूर्वग्रह म्हणावे. बोस्टनच्या स्थानिक पत्राची कामगिरी याच्या तुलनेत पुष्कळच बरी होती, आणि तिच्यासाठी त्या पत्राला २०१४ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. कारण उघड आहे: जखमींत आणि पोलिसांत त्याच्या वार्ताहरांची ओळखीची माणसे होती, आणि उद्या त्याच रस्त्याने त्यांना जावयाचे होते. पण अटकेची ती खोटी बातमी त्या पत्रानेही दिली होती. स्थानिकत्व हा औषधाचा एक भाग आहे. ते संपूर्ण औषध नाही.

आणखी एक तुलना करावी लागेल. त्याच १५ एप्रिलला इराकमधील अनेक शहरांत बाँबस्फोट होऊन कितीतरी माणसे मरण पावली. त्यांची बातमी आली, परंतु आतल्या पानावर, काही ओळींत. बोस्टनच्या दुःखाला लहान करण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न पुन्हा तोच आहे: मोटार कोठे होती?

आता आपल्या घराकडे वळू. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि बोरीबंदरच्या स्थानकासमोरून ती सुटते. आपल्यापैकी जे दिल्लीत, कलकत्त्यात किंवा भोपाळात बसून तिच्याविषयी वाचतात, त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या पत्रांतील छायाचित्रे एकदा मोजून पाहावीत. सहा किलोमीटरांच्या आसपासचे अंतर असलेली ‘ड्रीम रन’ नावाची जी हौशी लोकांची दौड असते, तिच्यातील नट, उद्योगपती आणि सोंगे घेतलेली मंडळी यांना किती जागा मिळते, आणि पूर्ण अंतर धावणाऱ्यांना किती, हे त्यावरून कळेल. लेमी बेर्हानू हायले याने २०१६ साली बोस्टनची शर्यत जिंकली. त्यानेच २०२३ साली मुंबईची शर्यत २ तास ७ मिनिटे ३२ सेकंदांत जिंकली आणि २०२४ सालीही जिंकली. या लेखातील दोन शहरांना जोडणारा हा मनुष्य आपल्या किती वाचकांना नावाने ठाऊक आहे? आपल्याला आठवतो तो ‘इथिओपियाचा धावपटू’. १९६६ च्या बोस्टनमध्ये ‘नववधू’ या शब्दाने जे केले, तेच आपल्याकडे ‘इथिओपियाचा’ हा शब्द करतो. दोन्ही शब्द खरे आहेत आणि दोन्ही माणसाला झाकतात.

शिवाय या शर्यतीच्या नावातच धनको बसलेला असतो; प्रथम एका बँकेचे नाव तेथे होते, २०१८ पासून एका उद्योगसमूहाचे आहे. यात गैर असे काही नाही. एवढा खर्च कोणीतरी उचललाच पाहिजे. पण एखादे पत्र जेव्हा अशा सोहळ्याचे भागीदार होते, तेव्हा त्याच्या बातमीतून पाण्याची टंचाई, रखडलेली वाहतूक किंवा भोवळ येऊन पडलेला धावपटू आपोआप आतल्या पानावर सरकण्याचा संभव असतो; आणि प्रतिस्पर्धी पत्रात त्याच गोष्टी पहिल्या पानावर येण्याचा तितकाच संभव असतो. दोन्ही पत्रे एकत्र वाचणाऱ्यालाच शर्यत कळू शकेल.

मराठी पत्रांनाही या हिशेबातून वगळता येणार नाही. आपला पक्षपात मायेचा असतो, एवढेच. साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर हिने मुंबईच्या शर्यतीत भारतीय स्त्रियांत पहिले स्थान मिळविले, आणि आपण तिला कौतुकाने ‘माणदेशी एक्स्प्रेस’ म्हटले. पुढे २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचून ती दहावी आली. १९८४ साली पी. टी. उषाने अंतिम फेरी गाठली होती, त्यानंतर ऑलिम्पिकच्या धावपट्टीवर वैयक्तिक शर्यतीत तेथवर जाणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्या बिरुदात प्रेम आहे, यात शंका नाही. पण दुष्काळी मुलखातल्या मुलीची कहाणी सांगता सांगता त्या मुलीचे शिक्षण, तिची शिस्त, शर्यतीतील तिचे डावपेच यांविषयी आपण किती लिहिले? कहाणी आपल्याला आधीच पाठ होती. तिच्यात बसेल तेवढीच ललिता आपण घेतली.

वृत्तपत्रांनी निःपक्षपाती व्हावे, असा उपदेश करून हा लेख संपविता येईल. पण तो उपदेश पोकळ आहे. प्रत्येक मोटारीला कोठेतरी उभे राहावेच लागते. करता येण्याजोगी गोष्ट निराळी आहे, आणि ती बव्हंशी वाचकाच्या हातची आहे. आपण कचेरीत एखाद्या अहवालावर सही करण्यापूर्वी विचारतो की, अधिकारी प्रत्यक्ष गेला होता काय, कोणत्या वाटेने गेला, कोणाशी बोलला, आणि कोणाशी बोलावयाचे राहिले. घरी आल्यावर वृत्तपत्र हाती घेताना मात्र हेच प्रश्न आपण टोपीबरोबर खुंटीला टांगून ठेवतो. ते टांगू नयेत. पहिल्या पानावर एक धावणारी स्त्री दिसली, तर तिच्याकडे आनंदाने पाहावे. पण तासाभरापूर्वी त्याच रस्त्याने आणखी कोणी गेले होते काय, हेही विचारावे.